स्वातंत्र्यावरची स्पर्धा: मुलांनी स्वतःचं लिहावं असं वाटत असेल तर

तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी विचारलं आहे: २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला आम्ही आसपासच्या शाळांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी 'संविधानाने दिलेली स्वातंत्र्ये' या विषयावर चित्रकला आणि निबंध स्पर्धा घेतो. गेल्या वर्षी निबंध भरपूर आले, पण एकच निबंध पुन्हा पुन्हा वाचतोय असं वाटत राहिलं. चित्रांतही पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी आणि मागे तिरंगा. यंदा विषय कसे द्यावेत, गुण कसे द्यावेत, आणि एखाद्या मुलाने गावातल्याच कशावर टीका केली तर काय करावं?

साताऱ्यात मी हायस्कूलला चित्रकला शिकवली. मराठी शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंबरोबर अशा स्पर्धा भरवल्या आणि सातारा-सांगलीत बऱ्याच ठिकाणी परीक्षक म्हणून गेले. पुढचं सगळं त्या कामातून आलेलं आहे. तुमच्याकडे शाळा किती, मुलं किती, बसायला हॉल आहे का, हाताशी माणसं किती, यावर बरंच काही बदलेल. जिथे बदलेल तिथे तसं सांगते.

प्रश्न तीन दिसतात, पण माझ्या मते तो एकच आहे आणि त्याचं मूळ तिसऱ्यात आहे. पाचवीतल्या मुलालाही कुठे काय बोललेलं चालतं याचा नेमका अंदाज असतो. स्पर्धा गावच्या वाचनालयाची, बक्षीस गावच्या पुढाऱ्यांच्या हस्ते, तपासणार आपलेच सर. एवढं कळलं की मूल सगळ्यात सुरक्षित वाक्य शोधतं. 'संविधानाने आपल्याला अनेक मौल्यवान स्वातंत्र्ये दिली आहेत' या वाक्याने कुणाचं काहीच बिघडत नाही, म्हणून ते वाक्य प्रत्येक वहीत येतं. तुम्हाला जो कंटाळा आला, तो मुलांच्या सावधपणाचा आहे.

म्हणून विषय ठरवायच्या आधी मंडळाने एकदा बसून ठरवा: आपल्याला न आवडणारं, पण विचार करून लिहिलेलं काही आलं, तर त्याला पहिलं बक्षीस द्यायची आपली तयारी आहे का? तयारी असेल तर बाकीचं सगळं जमवता येतं. नसेल तर सरळ प्रश्नमंजूषा घ्या. तीही चांगली स्पर्धा आहे, मुलांना कलमं नीट कळतात आणि मन मोकळं करायला सांगून नंतर त्यांना गप्प केल्यासारखं होत नाही.

तयारी आहे असं धरून पुढे लिहिते.

पहिली अडचण विषयाच्या आकाराची. 'संविधानाने दिलेली स्वातंत्र्ये' म्हटलं की मुलं १८५७ पासून सुरू करतात. मग टिळक, भगतसिंग, चले जाव, आणि शेवटच्या चार ओळींत संविधान. तुमच्या भागात तर हे होणारच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा हा मुलूख. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग होता, आणि कुंडल, वाळवा या बाजूला घराघरांत पणजोबांच्या भूमिगत दिवसांच्या गोष्टी आहेत. त्या गोष्टी निबंधात आल्या तर मला आनंदच होतो. पण देश परक्या सत्तेतून सुटला हा एक भाग झाला, आणि स्वतंत्र देशात एका माणसाला काय बोलता येतं, कुठे जाता-राहता येतं, कोणता धंदा करता येतो हा दुसरा. दुसऱ्याबद्दल लिहून हवं असेल तर तसंच विचारायला हवं. उदाहरणार्थ: 'तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा: तुमच्या लहानपणी जे करता येत नव्हतं, पण आज आम्हाला करता येतं, असं काय आहे? त्यांचं उत्तर लिहा आणि ते तुम्हाला पटतं का तेही लिहा.' या प्रश्नावर दोन मुलांचे निबंध सारखे येऊच शकत नाहीत, कारण दोघांच्या आज्या वेगळ्या आहेत.

माझी विषयाची कसोटी एवढीच आहे: उत्तर फक्त त्याच मुलाकडे असलं पाहिजे. पुस्तकात, मोबाइलवर किंवा सरांच्या डोक्यात ते सापडत असेल तर विषय बदला.

पण नुसतं 'तुमचा अनुभव लिहा' म्हटलं तर संविधान बाजूला राहतं, म्हणून मुलांसमोर मूळ मजकूर हवाच. सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क येतात, पण धडा वाचणं आणि कलम वाचणं यात फरक पडतो. 'भारताचे संविधान' मराठीत अधिकृतपणे छापलेलं आहे, तुमच्या वाचनालयात असेलच. त्यातली अनुच्छेद १५, १७, १९, २१क, २४ आणि २५ ही पानं मोठ्या अक्षरात काढून भिंतीवर लावा आणि स्पर्धेआधी अर्धा तास एकत्र वाचा. अनुच्छेद १९ मध्ये आज सहा स्वातंत्र्यं आहेत: बोलण्याचं आणि व्यक्त होण्याचं, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचं, संघटना किंवा संघ बनवण्याचं, देशात कुठेही फिरण्याचं, कुठेही राहण्याचं, आणि कोणताही व्यवसाय करण्याचं. सुरुवातीला ही सात होती. त्यातलं मालमत्तेचं १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काढलं गेलं. संघटनेच्या कलमात 'सहकारी संस्था' हे शब्द ९७ व्या घटनादुरुस्तीने २०१२ पासून आले. हे शेवटचं मुलांना आवर्जून सांगा. ज्या गावात दूध संस्था, सोसायटी, पतसंस्था आणि साखर कारखाना यांच्याभोवती सगळा व्यवहार फिरतो, तिथल्या मुलांना ही संस्था काढण्याचा हक्कही संविधानात लिहिलेला आहे हे माहीत नसतं, आणि कळलं की ती चमकतात.

प्रत्येक स्वातंत्र्याला तुमच्या गावातला एक प्रश्न जोडा. फिरण्या-राहण्याचं स्वातंत्र्य आणि ऊसतोड हे एकत्र घ्या. दिवाळीच्या सुमाराला बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबं आपल्याकडे येतात, कोपीत, म्हणजे पालासारख्या झोपडीत, राहतात आणि त्यांची मुलं काही महिने आपल्या गावची असतात. अनुच्छेद २१क प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळायला हवं. ही तरतूद २००२ ची, अंमल १ एप्रिल २०१० पासून. मग विषय द्या: 'दिवाळीनंतर आपल्या गावात राहायला आलेली मुलं दिवसभर कुठे असतात?' व्यवसायाच्या स्वातंत्र्याला तासगावात विषय शोधावा लागणार नाही. द्राक्षाची छाटणी, बेदाण्याची शेडं, तिथे काम करणाऱ्या बायका, 'मला बापाची बाग करायची नाही' म्हणणारा दहावीतला मुलगा, 'मला करायची आहे पण मुलीला कोण देतं' म्हणणारी त्याची वर्गमैत्रीण. दोघांनाही लिहू द्या.

आता वाचनासाठी एक उतारा सुचवते, कारण यापेक्षा जवळचा मला सापडलेला नाही. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच, आणि म्हणून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस असतो. पुढच्याच वर्षी ते आणि बरोबरची मुलं वडिलांकडे जायला साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. न्यायला कुणी आलेलं नव्हतं. चांगले कपडे घातलेली मुलं पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलले, पण जात कळताच त्यांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं देऊनही तयार होईनात. शेवटी एकजण तयार झाला तो या अटीवर की मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा सोबत होता, पण वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही, म्हणून जेवताही आलं नाही. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मसूर तुमच्या मुलांना माहीत असतं. कराड तालुक्यातच आहे. उतारा वाचून झाला की एकच प्रश्न विचारा: त्या मुलांना कुणी अडवलं? सरकारने नाही, कायद्याने नाही. स्टेशनवरच्या, रस्त्यावरच्या साध्या माणसांनी. मग अनुच्छेद १५ चं दुसरं उपकलम वाचा: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. आणि अनुच्छेद १७, ज्याने अस्पृश्यता नष्ट केली. स्वातंत्र्य काढून घेणारा दरवेळी गणवेशातला किंवा खुर्चीवरचा नसतो, शेजारीही असू शकतो, हे मुलांना इथे समजतं. मोठ्यांना व्याख्यानातूनही समजायला वेळ लागतो. माझ्या पाहण्यात यानंतर मुलं जे लिहितात त्याचा पोतच बदलतो. मुली क्रिकेटच्या मैदानाबद्दल लिहितात, कुणी पारावर बसण्याबद्दल, कुणी एखाद्या घरी चहा वेगळ्या कपात मिळण्याबद्दल.

चित्रांकडे येते, तो माझा प्रांत. पिंजरा, तुटलेली साखळी, कबूतर, तराजू, बोट दाखवणारे बाबासाहेब आणि हातात निळं पुस्तक. मुलं हे का काढतात? कारण ग्रेड परीक्षांची तयारी करताना त्यांनी स्मरणचित्राचे ठरलेले विषय घोटलेले असतात: बाजार, जत्रा, पाणवठा, बसथांबा. त्यात त्यांचा हात बसलेला असतो. स्वातंत्र्य हा शब्द मात्र त्यांनी कधीच पाहिलेला नसतो, म्हणून तो काढायला सांगितला की ती भिंतीवरच्या पोस्टरमधून उचलतात. उपाय साधा आहे. त्यांना जे काढता येतं तेच काढायला सांगा, फक्त त्यात एक प्रश्न ठेवा. 'गावातली अशी जागा काढा जिथे सगळे जातात.' 'गावातली अशी जागा काढा जिथे तुम्हाला जावंसं वाटतं पण जात नाही. कोण थांबवतं तेही चित्रात दिसू द्या.' 'ग्रामसभा काढा. कोण बोलतंय, कोण मागे उभं आहे?' 'नदीचा घाट काढा: सकाळी तिथे कोण कोण असतं?' वाईचा, माहुलीचा, सांगलीचा, कराडच्या प्रीतिसंगमाचा घाट मुलांनी पाहिलेला असतो, आणि स्नानघाट हा शब्द थेट संविधानात आहे. बाजार काढणारा हात घाटही उत्तम काढतो. आता त्याला माणसं कुठे उभी करायची याचा विचार करावा लागतो, आणि चित्रातला विचार तोच असतो.

चिन्हांवर बंदी मात्र घालू नका. एखाद्या मुलीला खरोखर पक्षीच काढायचा असेल तर काढू दे, स्वातंत्र्याच्या स्पर्धेत 'हे काढायचं नाही' अशी यादी लावणं मला पटत नाही. चित्राखाली दोन ओळी लिहायला सांगा: 'या चित्रात कोण आहे आणि काय चाललंय?' उसन्या चित्राला त्या दोन ओळी लिहिता येत नाहीत, आणि हात कच्चा पण निरीक्षण पक्कं असलेल्या मुलाला त्या दोन ओळी वाचवतात.

मुलांना संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीतली चित्रं जरूर दाखवा. इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि पानं सजवली नंदलाल बोस व शांतिनिकेतनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैल आहे, गुरुकुल आहे, दांडीयात्रा आहे, नेताजी आहेत, हिमालय, वाळवंट आणि समुद्र आहे. निवडणुकांच्या भागात छत्रपती शिवाजी महाराज आहेत, आणि साताऱ्या-सांगलीच्या मुलांचे डोळे तिथे थांबतातच. या चित्रकारांनी प्रसंग निवडले, माणसं आणि जागा निवडल्या. मुलांना सांगा, तुम्हीही तेच करा.

कागद पाव इंपिरियल, म्हणजे ११ बाय १५ इंच, तुम्ही द्या. सगळ्यांना एकाच प्रतीचा. रंग ज्याचे त्याचे, पण हॉलमध्ये मध्यभागी काही खडूच्या पेट्या आणि पोस्टर कलर ठेवा, म्हणजे ज्याच्याकडे फक्त पेन्सिल आहे तो मागे पडत नाही. पेन्सिलीतलं चित्रही तितकंच ग्राह्य धरा आणि हे आधी जाहीर करा.

निबंधातला दुसरा श्रीमंत भाग आहे मर्यादांचा, आणि स्पर्धांमधून तो सहसा वगळला जातो. अनुच्छेद १९ स्वातंत्र्य देतो आणि लगेच पुढे वाजवी निर्बंध कशासाठी घालता येतील तेही सांगतो. बोलण्याच्या बाबतीत ती यादी ठरलेली आहे: देशाची सार्वभौमता व एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. 'एखाद्याला वाईट वाटलं' हे त्या यादीत नाही, हे आठवीच्या पुढच्या मुलांना दाखवा आणि त्यावर त्यांना भांडू द्या. माझ्या मते वयाच्या त्या टप्प्यावर यापेक्षा मौल्यवान भांडण नाही.

यासाठी तुमच्याच जिल्ह्यात तयार विषय आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतील, मुलं अभ्यास करतील. देशभर त्याचं कौतुक झालं. आता विषय द्या: 'सातचा भोंगा आपल्या गावात हवा का? हवा असेल तर कुणी ठरवावा, आणि ज्याला तो मान्य नाही त्याचं काय?' मुलं दोन्ही बाजूंनी लिहितील. मला इथे अमुक बाजूच बरोबर असं वाटत नाही. स्वेच्छेने पाळणं आणि सक्ती यातली रेघ कुठे, हे मुलाने शोधावं, एवढंच हवं.

दुसरा विषय डीजेचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क येत नाही. मिरवणुकीत नाचणारा मुलगा आणि त्याच आळीत आजारी आजीजवळ बसलेली मुलगी, दोघंही तुमच्याच स्पर्धेत बसलेली असतील. त्यांना एकमेकांना उद्देशून लिहायला सांगा.

आणि नववी-दहावीसाठी केरळमधल्या भावंडांची गोष्ट. १९८५ मध्ये तिथल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. आधार होता अनुच्छेद १९ आणि २५. निकाल आधी सांगू नका. प्रसंग सांगा, कलमं द्या आणि 'तुम्ही मुख्याध्यापक असता तर?' असं विचारा. लिहून झाल्यावर निकाल वाचून दाखवा. बरीच मुलं न्यायालयाच्या विरुद्ध लिहितात, आणि कारणं चांगली असतील तर त्यांना पूर्ण गुण द्या. शाळकरी मुलं सर्वोच्च न्यायालयात जिंकू शकतात हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी तरी हा विषय ठेवा.

इथवरचं थोडक्यात असं: मजकूर मुलांसमोर, प्रश्न गावातला, आणि एक तरी विषय असा की ज्यात दोन चांगली माणसं वेगवेगळं उत्तर देतील.

आता व्यवस्था. निबंध घरून लिहून आणायला सांगू नका. २६ नोव्हेंबरच्या आधी दिवाळीची सुट्टी येते, आणि सुट्टीत दिलेला निबंध ताई, शिकवणीचे सर किंवा मोबाइलवरचं एआय लिहून देतं. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. वडीलधाऱ्यांना विचारण्याचं, घाट बघून येण्याचं काम सुट्टीत द्या आणि लिहिणं-काढणं एका दिवशी, एका ठिकाणी, दोन तासांत घ्या. हॉल नसेल तर शाळाशाळांत एकाच वेळी घ्या. मुलं खूप असतील तर शाळांनी निवडून पाठवावं ही सूचना येईल. ती मानू नका, कारण शाळा नेहमीचीच अक्षर सुंदर असलेली चार मुलं पाठवतात. त्यापेक्षा इयत्ता कमी करा. पाचवी ते सातवीला चित्र आणि दोन ओळी, आठवी ते दहावीला साधारण तीनशे-चारशे शब्द, एवढं पुरे. ज्याला लिहिणं जड जातं त्याला बोलून सांगायची सोय ठेवा, कार्यकर्त्याने शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं.

कागदावर नाव नको, क्रमांक हवा. आडनाव दिसलं की आपल्या भागात परीक्षकाला बरंच काही कळतं, आणि तो कितीही भला असला तरी ते त्याच्या मनातून जात नाही. परीक्षक दोन, त्यातला एक तालुक्याबाहेरचा. शंभरपैकी मी असे गुण देते: चाळीस स्वतःच्या निरीक्षणाला, तीस कारणं नीट मांडण्याला, वीस दुसऱ्या बाजूच्या माणसाचा विचार केला आहे का त्याला, दहा संविधानाचा संदर्भ बरोबर असण्याला. अक्षर, शुद्धलेखन, सुविचार, कवितेच्या ओळी यांना वेगळे गुण नाहीत. चित्रात कारणांच्या जागी रचना धरते: माणसं कुठे ठेवली, काय मोठं काढलं, काय कोपऱ्यात. माहिती चुकली, जसं संविधान १५ ऑगस्टला लागू झालं असं लिहिलं, तर गुण कापा आणि बाजूला बरोबर तारीख लिहा. मत पटलं नाही म्हणून एकही गुण कापायचा नाही. दोन परीक्षकांच्या गुणांत मोठा फरक पडला तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. बसून बोला. बहुतेक वेळा तिथेच एकाला मत खुपलेलं असतं आणि बोलल्यावर ते त्याच्याच लक्षात येतं.

टीकेचा प्रश्न. एखादं मूल लिहील की ग्रामसभेत बायकांना बोलू देत नाहीत, कारखान्याच्या मळीचा वास शाळेत येतो, अमक्या देवळात तमक्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. माझी विभागणी अशी आहे. परिस्थितीवर, संस्थेवर, रूढीवर टीका असेल तर ती स्पर्धेचा गाभा आहे, जशीच्या तशी राहील. एखाद्या माणसाचं नाव घेऊन आरोप असेल तर निबंध तपासा, गुण द्या, पण प्रदर्शनात नाव झाका, आणि मुलाला कारण सांगा: बदनामी ही त्या यादीतली एक मर्यादा आहे, आणि तू म्हणतोस ते तपासायचं साधन आपल्याकडे नाही. एखाद्या जातीला किंवा धर्माला हीन लेखणारं लिखाण आलं तर ते लावू नका. पण फाडूनही टाकू नका. त्या मुलाशी निवांत बोला. ते त्याने कुठून ऐकलं हे महत्त्वाचं असतं.

प्रायोजक पतसंस्था असो, कारखाना असो वा नेते, निकालाआधी प्रवेशिका कुणालाही दाखवायच्या नाहीत आणि निकालात कुणाचा शब्द चालणार नाही, हे पैसे घेण्याआधी कागदावर लिहून घ्या. ज्याला हे मान्य नाही त्याचे पैसे घेऊ नका. या स्पर्धेला खर्च फार नसतो, कागद, रंग आणि काही पुस्तकं. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना किंवा नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकांना परीक्षक करताना त्यांच्या अडचणीचा विचार करा. त्यांना गावात रोज राहायचं असतं, म्हणून वादाचा निर्णय मंडळाच्या नावाने जावा, एकट्या माणसाच्या नावाने नाही.

एक गोष्ट मात्र टीकेपेक्षा गंभीर आहे. प्रश्न खरे विचारले की उत्तरंही खरी येतात. घरातल्या मारहाणीबद्दल, ठरवल्या जात असलेल्या लग्नाबद्दल, कुणाच्या तरी वाईट स्पर्शाबद्दल एखादी मुलगी लिहून जाते, कारण पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असतं. अशी प्रवेशिका ताबडतोब बाजूला काढा. ती प्रदर्शनाला नाही, चर्चेला नाही. मंडळातल्या एका जबाबदार बाईंकडे हे काम आधीच सोपवून ठेवा. चाइल्डलाइन १०९८ वर चोवीस तास बोलता येतं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, तिथे घरच्यांशी मिटवून घेऊ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. या तयारीशिवाय 'तुम्हाला कोण थांबवतं?' असा प्रश्न मुलांना विचारू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रदर्शन लावताना प्रत्येक मुलाला विचारा: लावू का, आणि नाव घालू का? नाही म्हणालं तर विषय संपला. बक्षिसं पहिलं-दुसरं-तिसरं ठेवण्याऐवजी 'उत्तम निरीक्षण', 'उत्तम युक्तिवाद', 'दुसऱ्याची बाजू समजून घेणारा निबंध' अशी ठेवलीत तर बरं, कारण दोन मतांना नंबर लावणं अवघड जातं. पण गावात पहिल्या नंबराचा आग्रह असेल तर तोही ठेवा, त्यावरून भांडू नका. ज्यावर भांडायचं ते वेगळं आहे: प्रत्येक निबंधावर आणि चित्रामागे परीक्षकाने दोन ओळी हाताने लिहायच्या, आणि मूळ कागद मुलांना परत द्यायचे. 'छान' एवढं पुरत नाही. 'मागच्या बाकावरची मुलगी काय म्हणते ते तू ऐकलंस का?' असं काहीतरी, ज्यावरून मुलाला कळेल की आपलं कुणीतरी खरंच वाचलं. पुढच्या वर्षी ते मूल काय लिहील हे बरंचसं या दोन ओळींवर ठरतं.

वेळ धरून चाला. विषय आणि वाचनाची पानं दिवाळीच्या सुट्टीआधी शाळांत पोहोचली पाहिजेत. लिखाण-चित्रांचा दिवस शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात ठेवा, म्हणजे तपासायला आणि दोन ओळी लिहायला २६ तारखेआधी हातात दिवस राहतील. विषयांचा कच्चा मसुदा तयार झाला की इथेच टाका. तुमच्या गावचे प्रश्न मला माहीत नाहीत, पण कोणता विषय मुलांना पुन्हा पिंजऱ्याकडे आणि पक्ष्याकडे नेईल एवढं सांगू शकेन.